शाळेतलं कासव हलवू नका: पालक समितीला आणि आपल्या मराठी पालकांना खुलं पत्र

नमस्कार,

इथे ॲरिझोनातल्या आपल्या शाळेकडून मागच्या आठवड्यात आलेला मेल बहुतेकांनी वाचला असेल. ज्यांनी नसेल वाचला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मे अखेरीस शाळा सुटली की किंडरगार्टनच्या मागचं कासवाचं कुंपण काढणार, तिथली जागा सपाट करणार आणि मुलांना न्यायला येणाऱ्या गाड्यांची पिकअप लेन रुंद करणार. कासवाचं काय, तर एकच वाक्य, त्याची योग्य ठिकाणी सोय केली जाईल. कुठे, कोण करणार, कुणाला विचारलंत, काही नाही. आणि आपल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मेलखाली धडाधड अंगठे आले, कुणी लिहिलं बरं झालं, कुणी लिहिलं कधीपासून म्हणत होतो, आणि एका दादांनी लिहिलं की डेझर्ट तर पलीकडेच आहे, द्या सोडून.

हे वाचून मला गप्प बसवत नाहीये. प्रिन्सिपल मॅडमना आणि समितीला मी हेच सगळं इंग्रजीत दिलंय, पण मराठीत वेगळं लिहितेय कारण आपल्या शाळेत आपली मुलं भरपूर आहेत, समितीवरही आपली माणसं आहेत, आणि "पालकांचा पाठिंबा आहे" असं जे मेलमध्ये म्हटलंय त्यातला मोठा वाटा आपल्याच अंगठ्यांचा आहे. कुणावर राग नाही. लेनमध्ये ११० डिग्री फॅरनहाइटमध्ये गाडी बंद-चालू करत अर्धा तास बसायचा वैताग मलाही आहे. पण या कासवाबद्दल काही गोष्टी माहीत नसताना तो अंगठा दिला गेलाय असं मला मनापासून वाटतं, म्हणून त्या आधी सांगते.

मी कोण, तर चौथीतल्या मुलीची आई, आणि शाळेच्या बागेत मदतीला जाते, त्यात कासवाच्या कुंपणातली झाडंही आली. माहेर दापोलीचं. आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळास आहे, तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं २००२ पासून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायचं काम सुरू केलं. त्याआधी किनाऱ्यावर अंडी दिसली की ती उचलली जायची, त्यात कुणाला काही चूक वाटत नव्हतं. नंतर त्याच गावातली माणसं रात्री किनाऱ्यावर फेऱ्या मारायला लागली, घरटी कुंपणात हलवायला लागली, पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला पुण्यामुंबईची माणसं गावातल्या घरांत राहायला यायला लागली. हे बदलायला भाषण पुरलं नसतं, रोज डोळ्यांसमोर ते जनावर असावं लागलं. मी इथे शाळेत जे बघतेय ते मला त्याच जातीचं वाटतं, म्हणून एवढं लागलंय.

आता त्या "द्या सोडून" बद्दल, कारण सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच आहे.

आपलं पेबल (मुलांनी ठेवलेलं नाव) हे सोनोरन डेझर्ट टॉर्टॉइज आहे. कोलोरॅडो नदीच्या पलीकडे, म्हणजे कॅलिफोर्निया, नेवाडा, युटाकडे मोहावी जातीचं कासव असतं, आणि नदीच्या अलीकडे आपल्याकडे हे. २०११ पर्यंत दोन्ही एकच जात समजत होते, मग वेगळी केली. आपलं कासव खडकाळ उतारांवर राहतं, मोहावीवालं जास्त करून सपाट दऱ्यांमध्ये. पेबल जंगलातून उचलून आणलेलं नाही, ॲरिझोना गेम अँड फिश या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या दत्तक योजनेतून शाळेनं घेतलंय, आणि ती योजना मुळात का आहे तर लोकांनी घरात पाळलेली, मग नको झालेली, परसात पिल्लावळ वाढलेली एवढी कासवं खात्याकडे जमा होतात की त्यांना घरं शोधावी लागतात. खात्याचेच लोक सांगतात की एक मादी ऐंशी वर्षं जगली तर आयुष्यात आठशेच्या वर पिल्लं देऊ शकते, म्हणूनच पाळीव कासवांचं ब्रीडिंग इथे बेकायदेशीर आहे. जंगलातून उचलणं बेकायदेशीर, परवानगीशिवाय राज्याबाहेर नेणं बेकायदेशीर, आणि पाळलेलं कासव परत जंगलात सोडणं हे पण बेकायदेशीर आहे.

का, तर आजार. या कासवांना श्वसनाचा एक आजार होतो, मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे, नाक गळतं, डोळे सुजतात, खाणं सुटतं, आणि काही वेळा कासव बाहेरून ठणठणीत दिसतं पण जंतू अंगात असतो. माणसांकडे राहिलेलं कासव असं डोंगरात सोडलं तर तिथल्या जंगली कासवांना ते हा आजार देऊ शकतं. आणि त्याला स्वतःलाही तिथे काही ठाऊक नसतं, पाणी कुठे साचतं, कुठल्या खडकाखाली बीळ होईल, कुठली कपार दुपारी गार राहते. आपण भलं करतोय असं समजून त्याला मारू आणि वर इतरांनाही मारू. त्या दादांना हे माहीत नसणार, पण ज्यांनी त्याखाली हसरे चेहरे टाकले त्यांनी कृपया हा परिच्छेद त्यांना पाठवा.

बरं, सोडायचं नाही तर दुसऱ्या घरी द्या, हा पण मुद्दा आलाय. शाळा त्याची मालक नाहीये, सांभाळणारी आहे, त्यामुळे कुणाच्या तरी परसात नेऊन ठेवलं असं करता येत नाही, गेम अँड फिशला कळवावं लागतं. समितीनं मेल पाठवायच्या आधी खात्याला साधा फोन तरी केला का, हे मी विचारलं, उत्तर आलं नाही. खात्याकडे आधीच कासवं घरांची वाट बघतायत, त्यात आपण अजून एकाची भर घालणार, तेही एक तयार, चाललेलं, झाडं लावलेलं कुंपण मोडून. डेझर्ट टॉर्टॉइज पन्नास ते ऐंशी वर्षं जगतं. ते घेताना शाळेनं जो शब्द दिलाय तो एका समितीच्या एका वर्षाचा असू शकत नाही.

आता साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जंतू, तो कासवापासून मुलांना होईल ही भीती. ती मी हसण्यावारी नेत नाहीये, ती खरी आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, अमेरिकेत चार इंचापेक्षा लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती याचसाठी, कारण लहान मुलं ती तोंडात घालायची. सीडीसी, म्हणजे इथली सरकारी आरोग्य संस्था, पण सांगते की पाच वर्षांखालच्या मुलांनी अशा प्राण्यांना हात लावू नये. मग सरळ नियम करा ना, कुणीच हात लावायचा नाही, बघायचं, आणि कुंपणातलं काही काम केलं तर साबणानं हात धुवायचे. हा नियम कासवाच्याही भल्याचा आहे. त्याच्या मूत्राशयात पाण्याचा साठा असतो, शरीराच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत, कोरड्या महिन्यांत त्यावरच ते जगतं. घाबरलं किंवा उचललं की ते पाणी सोडून देतं, आणि पुढे पाऊस लांबला तर जंगलातलं कासव त्यानं मरू शकतं. म्हणजे हात लावू नका हे शिकवायलाच तर ते शाळेत आहे!

आणि मुलांना ते कळलंय. हिवाळ्यात आम्ही फिनिक्सच्या साउथ माउंटन डोंगरावर गेलो होतो. दुपारी बरंच ऊन होतं म्हणून असेल, एक कासव कपारीच्या तोंडाशी येऊन बसलं होतं आणि तिघाचौघांचा एक घोळका फोटोसाठी त्याला उचलायच्या बेतात होता. माझी मुलगी, जी घरी पाहुणे आले तर खोलीतून बाहेर येत नाही, ती सरळ पुढे गेली आणि त्या मोठ्या माणसांना म्हणाली, उचलू नका, ते त्याचं पाणी सांडेल आणि त्याला परत पाणी जुलैत मिळेल. त्यांनी नाही उचललं. हे तिला मी नाही शिकवलं, मला स्वतःलाच तिच्याकडून कळलंय. रस्ता ओलांडणारं कासव दिसलं तर आधी स्वतःची गाडी नीट बाजूला घ्यायची, मग गरजच असेल तर त्याला आडवंच धरून, जमिनीलगत, ते ज्या दिशेला चाललं होतं त्याच दिशेला नेऊन ठेवायचं, मागे नाही, हे पण तिनेच सांगितलं. वर्गात बसून स्लाइड बघितलेल्या मुलाला हे इतकं आतून येईल असं मला वाटत नाही.

सुट्टीत कोण बघणार, हा समितीचा मुख्य मुद्दा आहे. या मुद्द्यावर थोडा वेळ द्या, कारण इथे निसर्गच आपल्या बाजूनं आहे. आपली शाळा मे अखेरीस सुटते आणि जुलै संपता संपता सुरू होते. सोनोरन कासवाचं वर्ष कसं असतं बघा. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ते बिळात झोपलेलं. वसंतात फुलं आली की बाहेर. मे-जूनच्या कोरड्या भट्टीत परत बिळात, फार तर पहाटे डोकं बाहेर. आणि खरी धावपळ जुलैत मॉन्सून आला की, तेव्हा ते खातं, पितं, हिंडतं. म्हणजे जेव्हा शाळेला सुट्टी तेव्हा बहुतेक दिवस तेही सुट्टीवर, आणि ते जागं झालं की थोड्याच दिवसांत मुलं पण परत. त्या आठ-नऊ आठवड्यांत लागतं काय, तर उथळ ताटलीत पाणी, सावली शाबूत आहे का बघणं, आणि रोज एकदा कुणीतरी नजर टाकणं. त्यासाठी पालकांची यादी करायला मी तयार आहे, मागच्या उन्हाळ्यात आम्ही काही जणींनी ते केलंही आहे.

पण मी शाळेची बाजू घेऊन सगळं छान आहे असंही म्हणणार नाही. माझी निम्मी तक्रार हलवण्याच्या निर्णयाची आहे आणि निम्मी गेल्या वर्षभरात जे दुर्लक्ष झालंय त्याची. सावलीचं कापड फाटलंय, सांगून सांगून थकलो, बदललं नाही. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० किंवा त्याच्या वर जात होता, हे लक्षात असलेल्या गावात सावलीचं कापड फाटकं ठेवणं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. बिळाचं तोंड पावसात खचलंय, ते खोल करायला हवंय, कारण बीळ हेच त्याचं खरं घर, आयुष्यातला ९५ टक्क्यांपर्यंत वेळ ते जमिनीखाली काढू शकतं. कुंपणाच्या पश्चिमेला ऑलिअँडरची रांग आहे, म्हणजे आपली कण्हेर, ती विषारी आहे हे आपल्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत आहे, त्याची पानंफुलं उडून आत पडतात आणि कुणी उचलत नाही. ओपन हाऊसच्या दिवशी पाहुण्यांनी त्याला उचलून फोटो काढले, कुणी डब्यातलं सँडविच टाकलं. अशी अवस्था करून ठेवायची आणि मग म्हणायचं की कासव सांभाळणं झेपत नाही, हे मला मान्य नाही.

खाण्याचं तर काहीच अवघड नाही हो. ग्लोबमॅलोची ती केशरी फुलं, निवडुंगाची फड्याची पानं आणि फुलं, गवत, तुतीची पानं, आणि आपल्या बहुतेकांच्या परसात असलेली जास्वंद. औषध न मारलेली जास्वंदीची फुलं आमच्या घरून जातात आणि ती पेबल सगळ्यात आधी खातं. आइसबर्ग लेट्यूस, कुत्र्याचं खाणं, पाव, हे नाही.

अजून एक मुद्दा ग्रुपवर आला, तो मला विचार करण्यासारखा वाटला. एका ताईंनी लिहिलं की भारतात कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, वनखातं धाड टाकतं, मग इथे शाळाच कासव पाळते हे कसं काय शिक्षण? बरोबर प्रश्न आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, तरी वास्तुशास्त्राच्या नावाखाली, पैसा येतो म्हणून, स्टार कासवं टबात ठेवतात, पुण्यामुंबईतही पकडली जातात, आणि या चोरट्या व्यापारामुळेच २०१९ मध्ये स्टार कासवाला साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या यादीत टाकावं लागलं. तो बाजार आहे, जंगलातून उचलून आणलेल्या प्राण्यांचा. इथली गोष्ट उलटी आहे, जे आधीच माणसाच्या हातात अडकलंय आणि जंगलात परत जाऊच शकत नाही, त्याला नीट घर द्यायचं. फरक मुलांना समजावून सांगावा लागतो हे खरं, आणि म्हणूनच कुंपणावर पाटी हवी की हे कासव इथे का आहे आणि तुम्ही डोंगरातून असं आणायचं का नाही. ताई, तुमच्यामुळे ही मागणी मी यादीत घातली.

शेजारच्या लास व्हेगासमध्ये काय करतात ते बघा. क्लार्क काउंटीत २००० सालापासून मुलांची मोहावी मॅक्सची स्पर्धा असते, मॅक्स नावाचं कासव हिवाळ्यानंतर बिळातून नक्की कुठल्या दिवशी, किती वाजता बाहेर येईल हे शाळेतली मुलं अंदाज बांधून सांगतात. त्यासाठी मुलं तापमान बघतात, मागच्या वर्षांच्या तारखा काढतात. एका वर्षी तो १४ फेब्रुवारीलाच आला होता आणि २०२३ मध्ये पार २४ एप्रिल उजाडला. आख्खा काउंटी एका कासवाच्या उठण्याची वाट बघतो, आणि आपण आपल्या कासवाचं कुंपण पाडायला निघालोय.

कुणी म्हणेल एका कासवानं काय फरक पडतो. मोहावी कासव १९९० पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि तरी २००४ ते २०१४ या दहा वर्षांत मोठ्या कासवांची संख्या एक तृतीयांशाहून जास्त घटली. घरं, रस्ते, बाहेरून आलेलं गवत आणि त्यामुळे लागणाऱ्या आगी, आणि आपल्या कचऱ्यावर पोसलेले डोमकावळे, जे पिल्लांचं मऊ कवच फोडून खातात. मादी पिल्लं घालण्याएवढी मोठी व्हायलाच बारा ते वीस वर्षं लागतात, त्यामुळे एकदा संख्या पडली की भरून यायला पिढ्या जातात. आपल्या सोनोरन कासवाला मात्र २०२२ मध्ये केंद्रानं यादीत घालायची गरज नाही असं ठरवलं, म्हणजे तो कायद्याचा आधार त्याला नाही. त्याचं पुढे काय होणार हे इथे वाढणारी माणसं घरं कुठे बांधतात, कुत्री मोकळी सोडतात का, डोंगरात गाड्या कशा चालवतात यावर आहे. ती माणसं आत्ता आपल्या शाळेत तिसरी-चौथीत आहेत.

लेनबद्दल एवढंच म्हणेन की कासवाची जागा घेतली तरी जेमतेम तीन-चार गाड्या आत येतील. मागच्या गेटनं वेगळ्या वेळेला इयत्ता सोडायची सूचना दोन पालकांनी लेखी दिली होती, ती करून बघितलीच नाही. आधी ती करून बघा.

तर समितीकडे माझ्या आणि माझ्यासोबत सही केलेल्या पालकांच्या मागण्या अशा:

कुंपण काढायचा निर्णय या उन्हाळ्यापुरता थांबवा, आणि गेम अँड फिशच्या माणसाला बोलावून जागा दाखवल्याशिवाय पुढे काही ठरवू नका. त्यांचं म्हणणं लेखी घ्या आणि सगळ्या पालकांना पाठवा.

सावलीचं कापड आणि बीळ शाळा सुटायच्या आधी दुरुस्त करा. कापडाचा खर्च आम्ही पालक उचलतो, फक्त परवानगी द्या. ऑलिअँडरची रांग काढा किंवा कुंपणापासून लांब न्या.

हात न लावण्याचा नियम लेखी करा, तो ओपन हाऊसला येणाऱ्या पाहुण्यांनाही लागू असू द्या, आणि कुंपणाजवळ हात धुवायचा नळ चालू करा, तो बंद पडलाय.

कासवाची जबाबदारी कुणाची हे एका शिक्षकाच्या आणि एका पालकाच्या नावानं ठरवा. आत्ता ज्या सायन्सच्या बाई हे सगळं एकट्या ओढतायत त्यांना या निर्णयाआधी विचारलंसुद्धा नव्हतं, हे फार वाईट झालं.

आणि जर हे सगळं करूनही, खात्याच्या माणसानं बघून सांगितलं की ही जागा कासवासाठी चांगली नाही, तर आम्ही हट्ट धरणार नाही. त्याला जिथे बरं ठेवता येईल तिथे खात्यामार्फत जाऊ द्या, पण मग मुलांना समोर बसवून कारण सांगा. सुट्टीत गुपचूप नेऊ नका. सुट्टीनंतर मुलं परत येऊन रिकामी जागा बघतील, आणि विचारतील, तेव्हा गाड्यांसाठी, हे उत्तर मी माझ्या मुलीला देऊ शकत नाही.

मराठी पालकांना एक विनंती. समितीची पुढची मीटिंग शाळा सुटायच्या आधी आहे, लायब्ररीत, संध्याकाळी. ज्यांनी अंगठा दिलाय त्यांनी तो मागे घ्या असं मी म्हणत नाही, पण मीटिंगला या, कासव एकदा जाऊन बघा, सकाळी आठच्या आत गेलात तर बाहेर दिसतं, आणि मग तुमचं मत काय ते तिथे बोला. सहीचा कागद माझ्याकडे आणि ऑफिसच्या बाहेर दोन्हीकडे ठेवलाय. सुट्टीत पाणी द्यायच्या यादीत नाव घालायचं असेल तर मला मेसेज करा, सकाळच्या वेळा अजून मोकळ्या आहेत.

तुमचीच,
चौथीतल्या एका मुलीची आई